कंपनीचा की दाजींचा

नणंदेच्या नवऱ्याचं आणि माझं कधी पटलं नाही. पटावं असं दोघांपैकी कुणाला वाटलंही नाही. आमचे हे त्यांना दाजी म्हणत, ह्यांचं ऐकून सगळी गल्ली दाजी म्हणायला लागली, म्हणून मीही दाजीच म्हणते. बीडमध्ये त्या काळात ज्याला त्याला नवा धंदा सुचत होता. दाजींना दरवर्षी सुचायचा. आधी बियाण्यांची एजन्सी, मग एसटीडीचं बूथ, मग केबल. आणि प्रत्येक धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही. घरात एक रंगीत टीव्ही होता, बिननावाचा, दाजींनी दिल्लीहून थेट मागवलेला. वर्षाच्या आतच त्यातली सगळी माणसं हिरवी दिसायला लागली. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "अँटेना फिरवा." अँटेना फिरवून फिरवून ह्यांची मान धरली, माणसं हिरवीच राहिली.

आमचा छापखाना होता. सासऱ्यांनी टाकलेला. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, भरलेल्या लाकडी पेट्या. सासरे गेल्यावर कंपोझिटर लातूरला निघून गेला आणि दुसरा मिळेना, तेव्हा मी पेटीसमोर उभी राहिले आणि खिळे जुळवायला शिकले. कुणी शिकवलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही. हे पायानं मशीन मारायचे, मी उलटी अक्षरं वाचत ओळी लावायचे. खरं काम उन्हाळ्यात. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की शिरूर कासार, धारूर, नेकनूर, सगळीकडची लग्नं निघत आणि पत्रिका आमच्याकडे येत.

एका चैत्रात शिरूर कासारचा एक माणूस आला. नमुन्यांचा गठ्ठा त्यानं पुढून मागे, मागून पुढे चाळला. मग म्हणाला, "ह्या जुन्या वाटतेत. कॉम्पुटरवरची न्हाई का?"

"न्हाई," हे म्हणाले.

"मग काहून बसलात इथं?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

मी त्याला मनातून शिव्या घातल्या, पण तो बरोबर होता. त्या उन्हाळ्यात असे बरेच निघून गेले. मी आधीच एका क्लासला जाऊन कॉम्पुटरवर पान लावायला शिकले होते. घरात ते फारसं कुणाला आवडलं नव्हतं. आता हेच म्हणाले, की घ्यावा लागेल.

ही बातमी दाजींपर्यंत कशी पोचली ते मला माहीत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकीला काही न सांगता राहू शकत नसत. पुढच्या रविवारी दाजी आणि वन्सं हजर. आत्याबाई शिऱ्याला लागल्या. वन्सं आत गेल्या, दाजी ह्यांच्यासमोर खुर्चीत बसले.

"मी आता कॉम्पुटरचंच सुरू केलंय," दाजी म्हणाले. "लई मोठं काम न्हाई. पुण्याहून सामान आणायचं, जोडायचं, द्यायचं. कंपनीवाले तेच करतेत अन् वरून नाव चिटकवून दुप्पट घेतेत."

"गॅरंटी काय?" मी विचारलं.

ते ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "गॅरंटी म्हंजे मी. घरचा माणूस."

"घरचा माणूस टीव्हीच्या वेळी पण होता."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"टीव्हीचं अन् ह्याचं काय?" दाजी म्हणाले. "टीव्ही माझा न्हवता, दिल्लीचा होता."

"मग हा पुण्याचा. तुमचं काय आहे त्याच्यात?"

वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या नवऱ्याच्या हातचं घ्यायची लाज वाटती का तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाज नाही, भीती वाटते. त्या शिरा न खाता गेल्या. आत्याबाई रात्री जेवल्या नाहीत. हे जेवले, पण माझ्याकडे न बघता.

तरी मी दाजींच्या दुकानात गेले. न बघता नाही म्हटलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. दुकान म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारची एक खोली. दर थोड्या वेळानं पिठाचा लोट आत यायचा आणि टेबलावर उघड्या पडलेल्या सामानावर बसायचा. भिंतीवर खिळ्यांना पत्र्याचे डबे लटकवले होते, प्रत्येकावर पिवळा कागद आणि त्यावर लाल घोडा. वीज घेऊन आतल्या भागांना वाटून देणारे ते डबे. एक हातात घेतला तर रिकाम्या डालड्याच्या डब्याइतका हलका.

जोडून ठेवलेला एक कॉम्पुटर त्यांनी चालू केला. चटकन चालू झाला, ते खोटं बोलणार नाही. पण पडद्यावरची अक्षरं थरथरत होती, तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबचं झाड थरथरतं तशी. मी वर्षानुवर्षं एका पिवळ्या बल्बखाली शिशाची अक्षरं वाचली होती. डोळ्यांचं जे काही उरलं होतं ते मला ह्या पडद्याला द्यायचं नव्हतं. मी मशीनला हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"करंट मारतो हा," मी म्हटलं.

"तेवढं चालतंय," दाजी म्हणाले. "चप्पल घालून बसायचं."

किंमत मात्र कंपनीच्या निम्म्याहून थोडी जास्त. ते आकडा सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, बघू. त्यांनी गिरणीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शिकलेल्या बाया घरात आल्या की अशी तकलीफ असती."

त्यानंतर आम्ही दोघं औरंगाबादला गेलो. कंपनीच्या दुकानाला काचेचं दार होतं आणि दाराबाहेर चपला काढायला लावत होते. दाजींकडे चप्पल घालून बसायचं, इथं काढून. आत थंड हवा सोडलेली, टाय लावलेला एक विक्रेता. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. ह्यांना अर्ध्या इंग्रजीत काय काय सांगत होता आणि हे मान हलवत होते. ह्यांना त्यातलं काही कळत नाही हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, म्हणूनच तो आणखी जोरात बोलत होता. शेवटी त्यानं पडद्यावर पोहणारे मासे दाखवले.

मी पिशवीतून आमचीच एक जुनी लग्नपत्रिका काढून त्याच्यासमोर ठेवली. "ही ह्याच्यावर लावून दाखवा."

"मॅडम, ह्याच्यात सगळं होतं."

"मग करून दाखवा."

त्यात मराठी अक्षरंच नव्हती. ती म्हणे वेगळी घ्यायची. क्लासमधून मी मराठीच्या फ्लॉप्या मागून आणल्या होत्या, त्या पुढे केल्या तर त्यानं हात मागे घेतला. बाहेरच्या फ्लॉपीनं मशीनला रोग लागतो म्हणाला, आणि असं म्हणाला की जणू रोग मलाच होता.

"मी विकत घ्यायला आले आहे की मासे बघायला?" मी विचारलं. आवाज चढला होता. हे माझा पदर ओढत होते. आतून मॅनेजर आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि फ्लॉपी घालू दिली, बहुधा मी लवकर जावं म्हणून. मी बसले आणि पत्रिकेच्या पहिल्या ओळी लावल्या. विक्रेता मागे उभा राहून घड्याळ बघत होता. अक्षर हललं नाही. 'ज्येष्ठ' मधली 'ष्ठ'ची गाठ शिशात भरून काळी व्हायची, ती इथं स्वच्छ उमटली. मशीनला हात लावला, मुंग्या नाहीत.

किमतीत घासाघीस करायला गेले तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, ही भाजी मंडई नाही."

"मंडईत भाजी ताजी आहे का ते हात लावून बघू देतात," मी म्हटलं.

मॅनेजरनं सांगितलं की वर्षभराची हमी आहे, बिघाड झाला तर इंजिनिअर घरी येईल. बीडला पण येईल का, मी विचारलं. "बीड काय घेऊन बसलात," तो म्हणाला, "आष्टीला पण येईल."

मला तो माणूस मुळीच आवडला नाही. दाजींपेक्षा त्याचे दात स्वच्छ होते, एवढाच फरक. पण मशीन चांगलं होतं, आणि मला मशीनसमोर बसायचं होतं, माणसासमोर नाही.

घरी आल्यावर जे झालं ते झालं. आत्याबाई म्हणाल्या, "घरच्या जावयाला सोडून परक्याच्या घरात दुप्पट ओतायला निघाली." हे म्हणाले, दाजींना वाईट वाटेल. मी विचारलं, आणि माझ्या डोळ्यांना? त्यावर ते म्हणाले, तू जरा जास्तच करतेस. मग मीही ठरवलं.

"दाजींचाच आणा," मी म्हटलं. "पण त्याच्यावर दाजींनी बसायचं. पत्रिका त्यांनी लावायच्या. आणि तोवर खिळ्यांवर तुम्ही."

मी छापखान्यात जायचं बंद केलं. घरात बसून गहू निवडले, वाकळी उन्हात टाकल्या, दुपारी झोपले. लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारी झोपले असेन. हे एकटेच खिळे लावत होते. उलटी अक्षरं त्यांना पहिल्यापासून जमत नसत. धारूरच्या एका पत्रिकेत वधूच्या जागी वराचे मामा बसले आणि तशाच सगळ्या छापून निघाल्या. धारूरवाल्यानं गठ्ठा काउंटरवर आपटला आणि ह्यांना गल्लीसमोर जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्या संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आण तुझा कंपनीचा."

तो आला. पैसे जिथून सगळे आणतात तिथून, व्याजानं आणले. वन्संनी येणं बंद केलं. दाजींनी बाजारात सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे सोन्याच्या ताटात पिठलं वाढतात. हे ऐकून घ्यायचे. मी ऐकून घेत नसे, पण माझ्यासमोर कुणी सांगत नसे.

वर्ष चांगलं गेलं. शिरूरकडचे लोक परत आले. मी खिळ्यांच्या पेट्यांवर कापड टाकलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, हमीची मुदत अजून उरलेली असताना, दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि आली तेव्हा मशीनमधून रबर जळल्याचा वास आला. त्यानंतर ते काही केल्या चालू होईना.

मी औरंगाबादला फोन लावला. इंजिनिअर जालन्याला गेलेत. सोमवारी येतील. सोमवारी फोन लावला तर गाडी मिळाली की निघतील. मग तुमचं गाव जरा लांब पडतं. ज्या मॅनेजरला आष्टी जवळ वाटत होती त्याला आता बीड लांब पडत होतं.

नेकनूरचा एक शेतकरी त्या दिवसांत रोज पहिल्या गाडीनं यायचा आणि बाकावर बसून राहायचा. मुलीचं लग्न होतं, आणि खिळ्यांवरची पत्रिका त्याला चालणार नव्हती. "देवाला पहिली पत्रिका ठेवायची हाय," तो म्हणायचा. "कवा देता तेवढं सांगा." हे त्याला चहा पाजायचे. चहा पिऊन तो पुन्हा तेच विचारायचा.

एका सकाळी हे न सांगता बाहेर गेले आणि दाजींना घेऊन आले. मागे वन्संसुद्धा होत्या. त्यांचं छापखान्यात काही काम नव्हतं, त्या बघायला आल्या होत्या. दाजींनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिशाला पेन लावावं तसा पेचकस लावला होता. ते माझ्या खुर्चीत बसले, मशीनवर टिचकी मारली आणि मागच्या स्क्रूवर चिकटवलेला कंपनीचा कागद बघून हसले. तो कागद फाटला की हमी संपली.

"उघडू का?" त्यांनी विचारलं.

"उघडा," हे म्हणाले.

"तुमी न्हाई. वहिनीनं सांगावं." ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणावं, दाजी, चुकलं आमचं. दोन मिनटात करून देतो."

मग बाकावरून नेकनूरवाला म्हणाला, "म्हणा की बाई. दोन शब्दांनी काय जातंय?"

त्याला काय माहीत काय जातं ते. मी पुढे होऊन मशीनच्या एकेक वायरी काढायला लागले. घरातून वाकळ आणली आणि मशीन त्यात गुंडाळलं. दाजी खुर्चीतून उठेनात, म्हणून त्यांच्या गुडघ्यांवरून हात घालून मी सुतळी बांधली.

"कुठं निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"औरंगाबादला. वन्संना चहा द्या."

गाडीत कंडक्टरनं लगेजचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, मांडीवर घेतलंय, मांडीचं तिकीट काढलंय. तो गेवराईपर्यंत माझ्याशी भांडला आणि मी त्याच्याशी. तिकीट काढलं नाही. त्या रस्त्यावर तेव्हा खड्ड्यांशिवाय काही नव्हतं. उतरले तेव्हा पाय माझे वाटत नव्हते.

दुकानात मॅनेजर म्हणाला, "मॅडम, असं आणायचं नसतं. आमचा माणूस येणारच होता."

"मी बसते," मी म्हटलं आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या कोचावर वाकळीसकट बसले. चपला काढल्या नव्हत्या. काचेच्या दारातून जो कुणी आत येई त्याला विचारायचं, "घेताय का? घ्या. बिघडला की इथंच यावं लागतं, तेव्हा वाकळ घेऊन या." एक जोडपं ऐकून माघारी गेलं. जिल्हा परिषदेचा वाटावा असा एक माणूस माझ्याशेजारी बसून सविस्तर चौकशी करायला लागला. तेव्हा मॅनेजरनं आतून माणूस बोलावला आणि मशीन आतल्या टेबलावर घ्यायला सांगितलं. मीही आत गेले. अडवायला आले, त्यांना मी बाजूला व्हा म्हटलं.

त्या माणसानं झाकण काढलं. आतला एक पत्र्याचा डबा जळून काळा झाला होता. तो काढून त्यानं कपाटातून नवा घेतला. त्यावर पिवळा कागद होता आणि लाल घोडा.

"हा कुठला?" मी विचारलं.

"पॉवर सप्लाय आहे, मॅडम."

"ते कळलं. कंपनीचा आहे का?"

तो मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजर म्हणाला, "बसतो ह्याच्यात. चालतो."

"हा डबा बीडला पिठाच्या गिरणीशेजारी मिळतो."

"मिळत असेल. सगळं एकाच मार्केटमधून येतं, मॅडम."

"मग दुप्पट कशाचं घेतलं तुम्ही?"

कंपनीचाच पाहिजे असेल तर मुंबईहून मागवतो, पंधरा-वीस दिवस लागतील, एवढंच त्यानं सांगितलं. मला तो डबा त्याच्या तोंडावर फेकून मारावासा वाटला. त्याला, त्याच्या टायवाल्याला, आणि तिकडे माझ्या खुर्चीत बसलेल्या दाजींना, तिघांना एकेक. पण बाकावर नेकनूरवाला बसला होता.

"लावा," मी म्हटलं. "आणि हा गेला तर मी येणार नाही. तुम्ही गाडी करून यायचं."

त्यानं हात जोडले. नमस्कारासाठी नव्हे, मी जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पत्रिका निघाल्या. नेकनूरवाल्यानं एक उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाला, "गणपती बारका झालाय." गठ्ठा पंच्यात बांधून तो गेला. आभार वगैरे नाहीत. हे मला म्हणाले, "काय जळलं होतं?" मी म्हटलं, आतला एक डबा. "कंपनीचाच बसवला ना?" मी हो म्हटलं आणि पुढची पत्रिका लावायला घेतली.

त्याच सुमाराला दाजींचा धंदा चांगलाच चालला. शाळा, पतसंस्था, कुठं कुठं त्यांचे कॉम्पुटर गेले. लोक चप्पल घालून बसत असणार. त्यांनी घरावर मजला चढवला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं, आत्याबाईंमुळे. आत्याबाईंमुळेच मी गेले. पंगतीत दाजी स्वतः जिलेबीचं ताट घेऊन फिरत होते. माझ्यासमोर थांबले, मी नको म्हणत असताना दोन वाढल्या.

"वहिनी, तवा काय निघालं होतं मशीनमंदी?"

"वायर सैल झाली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी दोन मिनटात केलं असतं."

"केलं असतं," मी म्हटलं.

आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ते ताट धरून उभे राहिले. लाल घोड्याचं नाव न काढता मी जिलेबी खाल्ली. शेजारच्या बाईनं ताटावर हात आडवा धरला, तेव्हा ते पुढे सरकले. वन्संनी जाताना मला खण नारळ दिला, पण पाया पडू दिलं नाही, पाय मागे घेतले.

आत्याबाई गेल्यावर जाण्यायेण्याचं कारणच उरलं नाही. हे कधी कधी त्यांच्या दुकानावरून जातात, बोलतात, मला सांगत नाहीत. दाजी आणि मी बाजारात समोरासमोर आलो की ते एका बाजूच्या दुकानांकडे बघायला लागतात आणि मी दुसऱ्या.